धाकटी बहीण असिस्टंट लोको पायलट लागली आहे, रात्री-अपरात्री ड्यूटीला जातात कसे हे लोक? (धायरी ते पुणे स्टेशन)

धायरीचा_दादा

नमस्कार मंडळी, रेल्वेत असलेल्या किंवा घरात कोणी रेल्वेत असलेल्या लोकांसाठी प्रश्न आहे, जरा लांब झालाय पण वाचा प्लीज.

माझी धाकटी बहीण एएलपीच्या (असिस्टंट लोको पायलट, म्हणजे इंजिनातला सहायक ड्रायव्हर) परीक्षेतून निघाली, सध्या भुसावळला ट्रेनिंग चालू आहे आणि महिन्या-दीड महिन्यात पुणे विभागात येणार आहे. घरात पहिलीच सरकारी नोकरी, सगळे खूष आहेत. आई म्हणते सख्ख्या भावाचं घर धायरीत असताना पोरीने भाड्याने का राहायचं, आणि मलाही ती आमच्याकडेच हवी आहे. पण आता विचार करायला लागलो तर डोकं चालेना. आम्ही आधी लोणी काळभोरला राहायचो तेव्हा समोरच्या बिल्डिंगमध्ये एक गार्ड काका होते, रात्री अडीचला त्यांची बाईक सुरू व्हायची, कधी सकाळी अकराला, कधी संध्याकाळी, काही नेम नाही. तेव्हा मी कूस बदलून झोपायचो, आता तीच वेळ घरात येणार आहे.

धायरीतून पुणे स्टेशन रात्री रस्ता मोकळा असेल तर अर्धा-पाऊण तास, पण सकाळी नऊला सिंहगड रोडला लागलो की काही खरं नाही. मेट्रो आमच्याकडे नाही, स्वारगेटला जाऊन बसायचं तर ती सकाळी सहाला चालू होते. रातराणी बस ठराविक मार्गांवर आहे. मग पहाटे साडेतीनची ड्यूटी असेल तर माणूस जातो कसा? रेल्वे गाडी पाठवते का घरी न्यायला? पहाटेची पहिली लोकल जो चालवतो तो त्या लोकलच्या आधी कशाने येतो? हा प्रश्न मला आधी कधी पडलाच नव्हता. आणि मुलीच्या जातीने एकटीने जायचं हे तर आहेच. खरं काय ते सांगा, आईला काय सांगू.

मालगाडी_एएलपी

दादा पहिल्यांदा बहिणीचं अभिनंदन सांगा. मी तीन वर्षं झाली एएलपी आहे, मूळचा मिरजेकडचा, सध्या पुण्यात.

सरळ उत्तर म्हणजे घरी न्यायला गाडी येत नाही. घर ते लॉबी हा प्रवास ज्याचा त्याने करायचा, बाईक, सायकल, रिक्षा, चालत, काहीही. लॉबी म्हणजे क्रू लॉबी, तिथे साईन ऑन करायचं, तिथून ड्यूटी सुरू. तुम्ही म्हणताय ती साडेतीनची ड्यूटी म्हणजे साडेतीनला साईन ऑन, गाडी त्याच्या नंतर सुटते. साईन ऑन म्हणजे नुसती सही नाही, सिस्टीमवर हजेरी, मग श्वासाची टेस्ट, दारूचा अंश नाही ना बघायला, मग कॉशन ऑर्डर वाचायच्या की कुठल्या किलोमीटरला वेग कमी ठेवायचा, नवीन सर्क्युलर आलं असेल तर वाचून सही, वॉकीटॉकी घ्यायचा, आणि मग गिट्टीवरून चालत चालत यार्डात आपलं इंजिन शोधायचं. पावसाळ्यात हा शेवटचा तुकडाच जास्त अवघड असतोय.

आता कळीचा मुद्दा. मेल एक्सप्रेसवाल्यांना लिंक असते, म्हणजे आठवडाभर कुठली गाडी घेऊन कधी जायचं, कधी परत यायचं ते आधी छापलेलं असतं. पण नवीन एएलपी बहुतेक करून मालगाडीवर लागतो आणि मालगाडीला टाइमटेबल नसतं. त्यामुळे आपल्याला कॉल येतो. साईन ऑनच्या साधारण दोन तास आधी. सीएमएस म्हणून सिस्टीम आहे, त्यातून मेसेज आणि लॉबीतून फोन. म्हणजे दीडला फोन वाजला की साडेतीनला तुम्ही लॉबीत उभे पाहिजे, त्या दोन तासात उठणं, आंघोळ, डबा, बॅग, पोचणं सगळं. धायरीतून पोचायला पाऊण तास धरला तर तिच्या हातात सव्वा तास उरतो, आणि तो कॉल जर सकाळी सात-साडेसातला आला आणि साईन ऑन साडेनऊला असेल तर तुमच्या रस्त्याने रोजचं टेन्शन. उशीर झाला तर गाडी उभी राहते, मग कंट्रोल रूमपासून सगळे फोन करतात. म्हणून आम्ही पोरं लॉबीपासून पंधरा-वीस मिनिटांच्या आत खोली बघतो. पहिल्यांदा हे विचारा की तिची लॉबी कुठली, पुणे की दौंड की मिरज. पुणे विभाग म्हणजे पुणे शहर नाही, मिरजही पुणे विभागातच येतं.

घोरपडीकर

माझे वडील मालगाडीचे ड्रायव्हर होते, ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकात, आणि आम्ही घोरपडीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. तुमचा प्रश्न वाचून रात्रीचं सगळं आठवलं म्हणून लिहायला बसले.

तेव्हा फोन नव्हता, कॉलबॉय यायचा. बॉय म्हणायचे पण आमच्याकडे येणारे पन्नाशीचे होते, सायकलवर, हातात कंदील नाही तर बॅटरी आणि काखेत कॉल बुक. रात्री दोनला कडी वाजायची, आम्ही भावंडं जागी व्हायचो पण डोळे मिटून पडून राहायचो, ते गाडीचं नाव आणि वेळ सांगायचे, बाबा वहीत सही करायचे आणि किती वाजता कॉल मिळाला ते लिहायचे. सही झाली की परत फिरणं नाही. तेवढ्यात आईने स्टोव्ह पेटवलेला असायचा. सही होऊन दार लागेपर्यंत चहाचं आधण उकळत असायचं, हे मी शेकडो वेळा ऐकलंय, पाहिलंय फार कमी.

रेल्वे कॉलनी इंजिन शेडच्या आणि यार्डाच्या अंगाला का बांधल्या हे मला मोठेपणी कळलं. कॉलबॉयला सायकलवर पोचता यावं आणि ड्रायव्हरला चालत यार्डात जाता यावं इतक्याच अंतरावर घरं. म्हणजे ड्यूटीला जायचं कसं या प्रश्नाचं उत्तर रेल्वेने घरं बांधूनच दिलं होतं. घोरपडीला, दौंडला, मिरजेला, भुसावळला, जिथे जिथे इंजिन बदलायचं तिथे वस्ती उभी राहिली ती याच हिशेबाने. आता क्वार्टर जुनी झाली, लोकांनी मांजरी, फुरसुंगी, तळेगाव असे लांब लांब फ्लॅट घेतले, कॉल मोबाईलवर आला, पण अंतर कापायचं काम माणसाच्या अंगावरच आलं ना.

बाबांची लोखंडी पेटी असायची, लाईन बॉक्स. त्यात झेंडे, हातदिवा, रुळावर लावायचे डेटोनेटर, ज्यांना सगळे फटाकेच म्हणतात, नियमांची पुस्तकं, आणि कोपऱ्यात एक पातेलं, कणीक, डाळ, मिठाची पुडी. ती पेटी उचलायला माणूस असायचा पण तो यार्डापासून पुढे, घरातून आणायची ती सायकलच्या कॅरिअरला बांधून. घोरपडीचं फाटक बंद असलं की बाबा पेटीसकट उभे, कितीतरी वेळा असं व्हायचं की ज्या यार्डातून गाडी न्यायची तिथूनच निघालेली दुसरी गाडी समोरून जातेय आणि हे फाटकात थांबलेत. मग ते सायकल कोणाकडे तरी लावून पेटी खांद्यावर घेऊन पुलावरून जायचे.

ते मिरज लाईनला असायचे, शिंदवणे घाट, आदर्कीचा घाट, तेव्हा डिझेल. जाताना किती वाजता निघाले ते आम्हाला माहीत असायचं, येणार कधी ते कोणालाच नाही. तुमच्या आईला हे आधी सांगा. जायच्या वेळेची काळजी दोन दिवसांत सवयीची होते, येण्याच्या वेळेची नाही होत. आई बाबांचं ताट झाकून ठेवायची आणि सकाळी ते तसंच असलं तर काही न बोलता गाईला घालायची.

धायरीचा_दादा

ताई, तुमचं लिहिलेलं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, थोड्या वेळाने म्हणाली स्टोव्ह मीही पेटवला असता. तेव्हा आता तिचा हट्ट अजून पक्का झालाय की मुलगी घरीच राहील.

@मालगाडी_एएलपी लॉबीचं विचारलं, पुणेच मिळेल असं तिला वाटतंय. अजून एक, रेस्ट किती मिळते? म्हणजे रात्री जाऊन दुसऱ्या दिवशी परत लगेच असं होतं का?

मालगाडी_एएलपी

ड्यूटी आठ तास किंवा जास्त झाली असेल तर हेडक्वार्टरला, म्हणजे आपल्या लॉबीच्या गावी, सोळा तास रेस्ट, आठच्या आत झाली तर बारा. बाहेरगावी रनिंग रूमला, म्हणजे क्रूच्या मुक्कामाच्या जागी, आठ तास, ड्यूटी कमी झाली असेल तर त्याहून कमी. रनिंग ड्यूटी एका दमात नऊ तास धरलेली आहे, गरज पडली तर अकरापर्यंत ओढतात. चौदा दिवसांत १०४ तास असा हिशेब.

ऐकायला सोळा तास भरपूर वाटतात पण ते साईन ऑफपासून साईन ऑनपर्यंत मोजतात. म्हणजे लॉबीतून घरी जायचा वेळ त्यातच, परत यायचा त्यातच, कॉलनंतर आवरायचे दोन तास त्यातच. आता बघा, धायरीला जायला तास, यायला तास, जेवण, कपडे धुणं, दोन तास कॉलचे, आणि दिवसा घरात माणसं, कुकरच्या शिट्ट्या, बेल वाजणार, शेजारचं ड्रिल मशीन चालू होणार. झोप राहते किती? सहा तास मिळाले तरी खूप. आणि ही झोप तिच्या एकटीची नाही, तिच्या मागे तीन-चार हजार टन माल आणि समोर सिग्नल असतोय. पहाटे तीन ते पाच या वेळात डोळा जड होतोच, कितीही तरणा माणूस असू दे. प्रत्येक सिग्नलला आम्ही दोघं एकमेकांना मोठ्याने रंग सांगतो, तो नियम आहे, पण त्या वेळेला तेच जागं ठेवतं.

म्हणून म्हणतो जवळ खोली घ्या. आईला वाईट वाटेल पण घरापासून लॉबी लांब असली की जाणारा प्रत्येक तास तिच्या झोपेतून जातो, दुसरीकडून कुठून येणार.

सिंहगड_रोड_२०

माझं मत थोडं वेगळं. माझा मेव्हणा मेल ड्रायव्हर आहे, राहायला वडगावला, वीस वर्षं तिथूनच जातोय. घरचं जेवण, घरची माणसं याने माणूस टिकतो. एकटी मुलगी खोलीवर राहून बाहेरचं खाणार, आजारी पडली तर कोण आहे? रात्रीचा रस्ता रिकामा असतो, अर्ध्या तासात जाते. दिवसाचा कॉल असला की तासभर आधी निघायचं, बस.

मालगाडी_एएलपी

भाऊ तुमचे मेव्हणे मेलला आहेत, त्यांना लिंक आहे, मंगळवारी किती वाजता निघायचं ते त्यांना रविवारी माहीत असतं. त्या हिशेबाने वडगाव काय सासवडवरूनही येता येईल. मालगाडीत तसं नाही. बहीण दहा-पंधरा वर्षांनी मेलला गेली की खुशाल धायरीला राहू दे. जेवणाचं तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं आहे, माझंही पहिल्या वर्षात सात किलो वजन गेलं होतं.

लोकल_आणि_घाट

मी रेल्वेत नाही, पण बावीस वर्षं लोणावळा लोकलने शिवाजीनगरला येतोय आणि गाड्यांचा नाद आहे, त्यामुळे या विषयावर खूप बघितलंय आणि खूप लोकांना विचारलंय. दादांचा पहिल्या लोकलवाला प्रश्न राहिलाय म्हणून लिहितो.

पहाटेची पहिली गाडी नेणारी माणसं बरेचदा घरून येतच नाहीत. आदल्या रात्री उशिराची गाडी घेऊन आली, रनिंग रूमला झोपली, पहाटे तिथूनच उठून पहिली गाडी काढली. मुंबईकडे कर्जत, कसाऱ्याचं असंच, शेवटची लोकल घेऊन गेलेला मोटरमन तिथेच मुक्काम करतो. ज्यांची ड्यूटी गावातूनच चालू होते ते आपापल्या बाईकवर.

दुसरा प्रकार म्हणजे स्पेअर. तुम्ही एक्सप्रेसने जाताना कधी बघितलं असेल, काळी ट्रॉली बॅग, बाजूला लाल-हिरव्या झेंड्यांची गुंडाळी, आणि माणूस खिडकीला डोकं टेकून गाढ झोपलेला. तो प्रवासी नाही, ड्यूटीवरच आहे. समजा दौंडला गाड्या जास्त आल्या आणि पुण्याला क्रू कमी पडले, तर तिकडच्या क्रूला साईन ऑन करून प्रवासी म्हणून इकडे आणतात, इथून ते गाडी घेऊन जातात. याला स्पेअर जाणं म्हणतात. माझ्या डब्यात असा कोणी झोपलेला असला तर मी शेजारच्यांना हळू बोला सांगतो, कारण त्या माणसाची रात्र पुढे आहे.

तिसरा प्रकार फक्त मालगाडीत. क्रूचे तास भरत आले आणि गाडी मधल्याच एखाद्या छोट्या स्टेशनात अडकली, पुढे जागा नाही, तर नवीन क्रू तिथवर पोचवावा लागतो. पॅसेंजर त्या स्टेशनात थांबत असेल तर तिने, नाहीतर भाड्याची जीप किंवा बोलेरो, लॉबीतून क्रूला घेऊन शेताच्या रस्त्याने स्टेशनात. म्हणजे रेल्वेची गाडी मिळते ती इथे, साईन ऑन झाल्यानंतर, घरापासून नाही.

आणि घाटाचं तर वेगळंच जग आहे. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर, चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. डेक्कन क्वीन असो नाहीतर दुसरी गाडी, वर येताना बहुतेक गाड्यांना मागून बँकर इंजिनं ढकलतात. लोणावळ्याला बँकर सुटले की ती इंजिनं एकमेकांना जोडून परत खाली कर्जतला. त्या क्रूचं आयुष्य म्हणजे एकच घाट, दिवसातून वर खाली. त्यांच्यातल्या एकाने मला सांगितलं होतं की धुक्यात खंडाळ्याला त्याला समोरचं काही दिसत नाही, कारण तो गाडीच्या मागे आहे, पुढे काय चाललंय ते पुढच्या ड्रायव्हरच्या शिट्टीवरून आणि वॉकीटॉकीवरून कळायचं. विषयाला सोडून झालं, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

रेंजहिल्स_९०

मेट्रोचं थोडक्यात. माझा रूममेट मेट्रोत ट्रेन ऑपरेटर आहे. प्रवाशांना गाडी सहाला मिळते पण त्याच्या आधी गाड्या डेपोतून काढून, तपासून लाईनवर आणाव्या लागतात, डेपो दोन आहेत, रेंजहिल्सला आणि वनाजला. त्यामुळे मॉर्निंग शिफ्टला तो पावणेचारला उठतो. त्याच्यासाठी मेट्रो नसतेच, बाईक. पण त्याचं रोस्टर आधी लागतं, रात्रीतून फोन येऊन उठवत नाहीत, त्यामुळे रेल्वे मालगाडीशी तुलना नको. आम्ही खोली खडकीत घेतली ती यासाठीच.

हडपसर_ते_लेस्टर

मी मूळचा हडपसरचा, आता इंग्लंडमध्ये, शेजारी ट्रेन ड्रायव्हर आहे म्हणून माहिती. इकडेही घरून डेपोला ज्याचं त्याने जायचं, आणि बऱ्याच कंपन्या नोकरी देतानाच बघतात की घर डेपोपासून साधारण तासाभराच्या आत आहे का. डेपोत हजर झाल्यावर मग दुसऱ्या स्टेशनावरून गाडी घ्यायची असेल आणि त्या वेळेला ट्रेन नसेल तर कंपनी टॅक्सी करून पाठवते. ट्रेनने प्रवासी म्हणून गेला तर त्याला ते ऑन द कुशन्स म्हणतात, म्हणजे गादीवर बसून, तुमच्याकडचं स्पेअर तेच. फरक इतकाच की इथे मालगाडीवाल्यालाही शिफ्ट किती वाजता सुरू ते आधी कळतं, थोडं मागेपुढे होतं. दोन तासांच्या कॉलवर जगणं मी शेजाऱ्याला सांगितलं तर त्याने दोनदा विचारलं की रोज?

सातारची_लेक

दादा, मी स्वतः एएलपी आहे, पाच वर्षं झाली, त्यामुळे मुलीच्या जातीने एकटीने या वाक्यावर मीच उत्तर द्यायला पाहिजे.

पहिलं म्हणजे भिऊ नका. आमच्या साताऱ्याच्या सुरेखा यादव मॅडमनी हे सगळं तेव्हा केलं जेव्हा लॉबीत दुसरी बाई नव्हती. ८ मार्च २०११ ला त्यांनी पुण्यातून डेक्कन क्वीन मुंबईला नेली, त्या वेळी मी शाळेत होते, पेपरातला तो फोटो कापून मी कंपासपेटीत ठेवला होता. १३ मार्च २०२३ ला सोलापूर ते मुंबई वंदे भारतही त्यांनीच नेली. त्यांच्यानंतर आता प्रत्येक बॅचला मुली आहेत.

पण सोपं आहे असंही सांगणार नाही. रात्रीचा कॉल आला की माझ्यासाठी खरा अवघड भाग म्हणजे बिल्डिंगच्या दारापासून लॉबीच्या दारापर्यंतचा, तिथून पुढे मी एकटी नसते, लोको पायलट असतो, ट्रेन मॅनेजर (ज्याला आधी गार्ड म्हणायचे) असतो, स्टेशन मास्तर असतो. सुरुवातीला मी कॅबवर अवलंबून होते आणि एकदा रात्री पावणेतीनला एका मागे एक तीन ड्रायव्हरनी राईड कॅन्सल केली, मी रस्त्यावर उभी, घड्याळ पुढे चाललेलं. शेवटी खालच्या दूधवाल्या मामांनी टेम्पोतून सोडलं. दुसऱ्याच महिन्यात स्कूटी घेतली. तिला पहिल्या पगाराच्या आधीच स्कूटी घेऊन द्या, लॉबीत पार्किंग कुठे करायची, रात्री उजेड कुठे असतो ते दिवसा एकदा दोघं जाऊन बघून या. आणि एकच रस्ता ठरवू नका, दोन ठरवा. टायर पंक्चर झाला तर कोणाला फोन करायचा ते आधी ठरलेलं पाहिजे, माझ्या लॉबीतल्या एका काकांचा नंबर मी त्यासाठी ठेवलाय आणि दोनदा ते आलेत.

खोली घेताना शक्य झालं तर दुसऱ्या रनिंग स्टाफच्या, म्हणजे गाडीवर ड्यूटी करणाऱ्या, मुलीबरोबर घ्या. बाहेरच्या पार्टनरला रात्री दीडला वाजणारा फोन सहन होत नाही आणि त्यात तिची चूक नसते. घरमालकाला आधीच स्पष्ट सांगा की मुलगी रात्री कधीही जाईल, कधीही येईल, हे तिचं काम आहे. हे वाक्य भावाने किंवा वडिलांनी सांगितलं तर घरमालक ऐकतात, हे मला आवडत नाही पण सध्या असंच आहे.

अजून एक जे कोणी सांगत नाही. बहुतेक इंजिनात अजून टॉयलेट नाही. त्यामुळे मुली निघायच्या आधी पाणी पिणंच सोडतात आणि मग उन्हाळ्यात त्रास होतो, मला स्टोनचा त्रास त्यातूनच झाला. तिला सांगा पाणी प्यायचं, आणि लॉबीत दहा मिनिटं आधी पोचायचं, तिथल्या वॉशरूमला जाऊन मगच यार्डात. माझ्या मते खोली जवळ हवी याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे, धायरीतून धावतपळत येणारीला ती दहा मिनिटं मिळत नाहीत.

घोरपडीकर

सातारच्या लेकी, तू हे उघड लिहिलंस त्याबद्दल तुला मनापासून धन्यवाद. माझ्या मुलीला वाचायला देते आहे.

दादा, घोरपडीत बी टी कवडे रोडच्या बाजूला किंवा कोरेगाव पार्कच्या मागच्या अंगाला रेल्वेवाल्यांना खोल्या देणारे जुने मालक अजून आहेत, त्यांना कॉल म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. लॉबीच्या नोटीस बोर्डापाशी उभं राहून कोणालाही विचारा, एका तासात पत्ता मिळेल.

धायरीचा_दादा

मंडळी, दोन महिन्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफ करा.

लॉबी पुणेच मिळाली. घोरपडीत खोली घेतली, तिच्याच बॅचची नगरची एक मुलगी बरोबर आहे. मालक स्वतः शेडमधून रिटायर झालेले निघाले, मी ते रात्रीचं वाक्य सुरू केलं तर त्यांनी मध्येच थांबवून किल्ली हातात दिली. आईचा राग आहे अजून थोडा पण ती आता दर रेस्टला इकडून डबा पाठवते, मी ऑफिसला जाताना वाकडी वाट करून देऊन येतो. मोठी सुट्टी मिळाली की ती धायरीला येते आणि आई घरातली बेल काढून ठेवते, सगळ्यांना सांगून ठेवलंय की दार वाजवायचं नाही, फोन करायचा.

पहिल्या रात्रीच्या कॉलला मी मुद्दाम तिच्याकडे थांबलो होतो. एक वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मला वाटलं मी तिला उठवीन, तर ती माझ्या आधी उठून बसलेली, म्हणाली झोपच लागली नाही. स्कूटीवर ती पुढे, मी मागे बाईकवर, रस्त्यावर कुत्र्यांशिवाय कोणी नव्हतं, अकरा मिनिटं लागली. लॉबीत तिने मला दारातच थांबवलं. काचेतून बघितलं, ती नळीत फुंकतेय, कागद वाचतेय, एक वयस्कर लोको पायलट तिला काहीतरी समजावतायत. इंजिनावर फोन बंद ठेवावा लागतो, त्यामुळे त्याच्या आधी तिचा मेसेज आला, दादा साईन ऑन झालं, जा आता झोप. मी स्टेशनसमोर चहा घेतला आणि साडेपाचपर्यंत तिथेच बसून राहिलो, कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही.

आता एक प्रश्न, परवा तिला दौंडला रनिंग रूमला राहायचं आहे, आई विचारतेय डाळ-कणीक बरोबर द्यायची का?

मालगाडी_एएलपी

रनिंग रूमला स्वयंपाकी असतो, जेवण तिथे मिळतं. पण तुम्ही शिधा नेला तर त्याचंही करून देतो, जुनी पद्धत आहे. चटणी आणि तूप मात्र घरचं द्या.

घोरपडीकर

आणि मिठाची पुडी.